नागपुरात एक रविवार, काहीच न करता

नेदरलँड्सहून सुट्टीवर आलेल्या माणसाचे भारतातले दिवस त्याच्या मालकीचे नसतात. तो विमानात बसायच्या आधीच ते दोन्हीकडच्या नातेवाइकांनी वाटून घेतलेले असतात. आमचे निम्मे रत्नागिरीला, निम्मे ठाण्याला सासुरवाडीत, आणि मधल्या फटीत दातांचा डॉक्टर, बँकेचं केवायसी, एखादी साखरपुड्याची पंगत. यंदा त्यातून शुक्रवार ते सोमवार एवढे ओढून काढले आणि नागपूर गाठलं.

कारण मित्र. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आम्ही बरीच वर्षं एकाच इमारतीत राहायचो. तो वर, आम्ही खाली. वडिलांच्या तब्येतीचं निमित्त झालं आणि तो बायको-मुलीसह कायमचा नागपूरला परतला. जाताना सायकली आमच्या गळ्यात घातल्या आणि दम दिला, "नागपूरला आला आणि हॉटेलात उतरला, तर ओळख विसरून जा."

माझ्यासारख्या कोकणातल्या माणसाच्या डोक्यात नागपूर म्हणजे संत्री, उन्हाळा आणि विधानसभेचं अधिवेशन. आमच्या मुलाचा जन्म नेदरलँड्सचा, त्यामुळे त्याच्या हिशेबात आजीचं घर सोडलं तर सगळा भारतच परदेश. म्हणजे आम्ही तिघंच, पण तिघांचे तीन प्रवास होते. बायकोचा तिसरा होता, कारण तिला फक्त झोपायचं होतं.

शुक्रवार

मुंबईहून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडली. जाग आली तेव्हा बडनेरा मागे पडलं होतं. खिडकीबाहेर कापूस, तूर, पुन्हा कापूस. भूमी एवढी सपाट असू शकते हे मला आइंडहोवनला जाऊन अंगवळणी पडलंय, पण महाराष्ट्रातही ती अशी पसरते हे रत्नागिरीकराला दर वेळी नव्याने पटवून घ्यावं लागतं.

नागपूर स्टेशनची दगडी इमारत १९२५ सालची. सावनेरच्या दगडात बांधलेली. ती बघायला थांबलो तर मित्राने मागून पाठीवर थाप मारली. "इमारत पळून नाही चालली. चाल, आई पोहे करून बसली आहे." स्टेशनातून बाहेर पडताच समोर टेकडी, तिच्यावर सीताबर्डीचा किल्ला. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज इथे भिडले, नागपूरकर हरले. आता तो लष्कराच्या ताब्यात आहे. लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा ठरावीक दिवशीच उघडतो, त्यामुळे आमच्या वाट्याला टेकडीचा पायथाच.

मित्राचं घर शहराच्या पश्चिमेकडे, जुन्या ले-आउटमधलं. प्लॉट मोठा, घर बैठं, वर गच्ची, पुढे अंगण. मागे पेरू, लिंबू आणि सीताफळ. प्रत्येक खोलीच्या खिडकीला लोखंडी स्टँडवर कूलर बसवलेला, आणि थंडीत तो प्लास्टिकच्या कापडात गुंडाळून दोरीने बांधलेला. मुलाने विचारलं, हे काय पॅक करून ठेवलंय? काका, म्हणजे मित्राचे वडील, म्हणाले, "ते आमचं मे महिन्याचं सामान आहे." पारा ४५ च्या वर गेला की या शहरात माणसं कूलरच्या हिशेबाने खोल्या बदलतात, पलंग सरकवतात, जेवायच्या वेळा बदलतात. आम्ही मात्र जानेवारीच्या सुरुवातीला आलो होतो. सकाळी तोंडातून वाफ निघत होती आणि काकू स्वेटरवर शाल गुंडाळून वावरत होत्या. नेदरलँड्सहून आलेली आम्ही तिघं कुडकुडत होतो, कारण तिकडे घराला हीटर असतो. इथे थंडी घरात शिरते आणि ऊन अंगणात राहतं.

दुपारी वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी. भाजीवर तेलाचा थर. मी ताट किंचित कलतं करून तेल बाजूला काढत होतो ते काकूंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत. फक्त आणखी एक डाव वाढला.

रात्री मित्राने कार्यक्रम सांगितला. शनिवारी शहर, सोमवारी रामटेक. बायकोने विचारलं, "आणि रविवारी?"

"रविवारी काहीच नाही, वहिनी."

"म्हणजे कुठे जायचं?"

"कुठंच नाही जायचं. तेच तर सांगून राहिलो."

शनिवार

तर्री पोहे खायचे तर सकाळी, आणि उभ्याने. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला गाड्यांभोवती गर्दी होती. पोह्यांवर काळ्या हरभऱ्यांचा लालभडक रस्सा, वरून कांदा, शेव, लिंबू. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं; इथे पोहे बुडतात. मुलाने पहिल्या घासाला डोळे मोठे केले, पाणी प्यायला आणि प्लेट सोडली नाही. त्याच्या शाळेतल्या डब्यात रोज ब्रेड आणि चीज असतं. त्याबद्दल त्याची तक्रार यापुढे वाढणार, हे मला तिथेच कळलं.

तिथून जवळच झिरो माइलचा दगड. १९०७ मध्ये इंग्रजांनी सर्वेक्षणासाठी हा खांब उभारला. शेजारी उधळलेल्या चार घोड्यांचे पुतळे. आसपासच्या गावांची अंतरं मैलांत कोरलेली. भारताचा मध्यबिंदू तो हाच, असं नागपूरकर बिनदिक्कत सांगतात. आजच्या नकाशाचा मध्य म्हणून मध्य प्रदेशातल्या करौंदीचं नाव घेतलं जातं, असं मी म्हणालो. मित्र शांतपणे म्हणाला, "मग जा करौंदीला, खा तिथे तर्री पोहे." वाद संपला.

मुलाला मेट्रो हवी होती, म्हणून मेट्रोतून वर्धा रोडवर एक चक्कर. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो, असा तीन मजली प्रकार ३.१४ किलोमीटर चालतो. आकडा ऐकून मुलगा खूश, कारण त्याला वाटलं तो मुद्दाम गणितातल्या पायसाठी तेवढा बांधलाय.

दीक्षाभूमीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो, आणि ते ठरवून नव्हतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखोंच्या साक्षीने बौद्ध धम्म स्वीकारला. दरवर्षी त्या तिथीला इथे पाऊल ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा मोजकी माणसं होती. स्तूपाचा पांढरा घुमट दुरून जड वाटतो. आत शिरलं की उलटंच, वर काहीच नसल्यासारखी मोकळी पोकळी. कोणी तरी आजोबा नातीला हळू आवाजात काही सांगत होते, तेवढाच आवाज. बाहेर बोधिवृक्ष आहे, श्रीलंकेतल्या अनुराधपुराहून आणलेल्या रोपांचा. आवारातल्या स्तंभावर बावीस प्रतिज्ञा कोरलेल्या आहेत. आमचा मुलगा शनिवारच्या मराठी वर्गात देवनागरी शिकतो, कंटाळत शिकतो. त्याने स्वतःहून वाचायला घेतलं. जोडाक्षराला अडखळला की शेजारी उभ्या असलेल्या एका बाई शब्द पुरा करून द्यायच्या आणि पुन्हा गप्प व्हायच्या. सगळ्या वाचून होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. नंतर त्याने मला "प्रतिज्ञा घेतली की बदलता येते का" असं विचारलं. मी काहीबाही उत्तर दिलं. मित्राने बरं दिलं: "या लोकांनी आधीचं सगळं बदलायलाच घेतली होती."

संध्याकाळी फुटाळा. तलाव भोसल्यांच्या काळातला, काठ आजच्या कॉलेजातल्या पोरांचा. भाजलेली कणसं, दुचाकींच्या रांगा, सेल्फी. मला फार काही वाटलं नाही. सूर्यास्त चांगला होता.

रविवार

उठलो तेव्हा घरात कोणीच नव्हतं. सगळे गच्चीवर. चटई, दोन खाटा, स्टीलची मोठी परात, आणि परातीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा, मिठाच्या पाण्यातल्या, अजून गरम. थंडीत विदर्भात हा खाण्याचा उद्योग दिवसभर चालू राहतो. शेंग दातांत धरायची, दाणे ओढायचे, साल टाकायची, बोलत राहायचं. चहा झाला. मग कणकेची, उपम्यासारखी उकडपेंडी झाली. मग पुन्हा चहा. घड्याळ खाली राहिलं होतं आणि कोणी आणायला गेलं नाही.

काकूंनी चटईवर कोथिंबिरीचा ढीग ओतला. "बसा सगळे. सांबार निवडा." सांबार म्हणजे इथे कोथिंबीरच. आदल्या रात्री धुऊन पंचावर पसरून ठेवलेली, पाण्याचा थेंब नसलेली. सांबारवडी करायची होती. मुंबई-पुण्याकडची कोथिंबीर वडी ती ही नव्हे. तिथे कोथिंबीर बेसनात कालवतात आणि वाफवतात. इथे कोथिंबीर हेच सारण. त्यात खसखस, तीळ, भाजलेलं सुकं खोबरं, आलं, लसूण, हिरवी मिरची, मसाला. बेसनात थोडी कणीक आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून पारी लाटायची, तिला आतून चिंचेचं पाणी पुसायचं, मधोमध सारण ठेवून पुडा बांधल्यागत चारी बाजूंनी घडी घालायची आणि मंद आचेवर तळायची. कोथिंबीर ओली राहिली तर वडी तेलात फुटते, म्हणून रात्रभराचा पंचा. काकू हे सांगत नव्हत्या, करत होत्या. मी विचारलं की तेवढ्यापुरतं उत्तर.

निवडताना माझा हात हळू चालतो असं त्यांचं मत पडलं. "बाबू, तू एक-एक पान मोजून राहिला का?"

काका खाटेवर उन्हाकडे पाठ करून बसले होते. कृषी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. काटोलकडच्या नातेवाइकाच्या बागेतून संत्र्यांची पेटी आली होती, ती त्यांच्या ताब्यात. मी एक चांगलं केशरी फळ उचललं तर त्यांनी ते काढून घेतलं आणि हिरवट सालीचं दिलं. खाल्लं, गोड निघालं. साल केशरी व्हायला रात्रीची थंडी लागते, म्हणाले, ती मिळाली नाही तर फळ आतून पिकतं आणि वरून हिरवं राहतं. बाजार रंगाला भाव देतो, जीभ देत नाही.

मग बहारांचं प्रकरण निघालं, आणि ते मला मनापासून आवडलं. संत्र्याचं झाड आपल्या मनाने वर्षभर थोडं थोडं फुलतं. बागाइतदाराला सगळी फुलं एकदम हवीत, म्हणून तो झाडाला ताण देतो. पाणी तोडतो. झाड मलूल होतं, पानं गाळतं, आणि मग पाणी मिळालं की सगळं एकदम फुलून येतं. थंडीत ताण दिला तर फेब्रुवारीच्या सुमाराला फुलोरा, तो आंबिया बहार. फळ दिवाळीच्या आसपास सुरू होतं. उन्हाळ्यात ताण दिला तर मृगाच्या पावसावर फुलोरा, तो मृग बहार. फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चात. आमच्या हातातली आंबियाची शेवटची. मृगाचं फळ पावसावर अवलंबून, आणि पावसाचा हल्ली भरवसा नाही. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने पाऊस येत नाही, हे काकांनी सालं गोळा करता करता जोडलं.

आसपासच्या गच्च्या एव्हाना भरल्या होत्या. संक्रांत जवळ आली की नागपूरचं आकाश पोरांच्या ताब्यात जातं. मित्राच्या मुलीने, जिने आइंडहोवनमध्ये माझ्या मुलाला स्केटिंग शिकवलं होतं, त्याच्या हातात चक्री दिली. आधी मांजा काकांकडे तपासायला गेला. नायलॉनचा नाही याची त्यांनी बोटांनी खात्री केली. त्याच्यावर बंदी आहे, तरी दरवर्षी दुचाकीवरच्या कोणाचा तरी गळा चिरला जातो आणि पक्षी तर मोजायलाच नकोत. मग "ढील दे, ढील दे" आणि मध्येच पाचव्या गच्चीवरून "ओऽऽ काट". आमचा पतंग. मुलगा पडेल चेहऱ्याने खाली आला तर काकूंनी तोंडात सारणाचा घास भरला.

शेजारच्या बाई डबा परत द्यायला आल्या आणि दोन तास बसल्या. कोणाचे तरी मेहुणे अधिवेशनात गाडी अडकल्याची जुनीच गोष्ट सांगायला आले. अधिवेशन उरकून मंडळी मुंबईला परतल्याचा आनंद अजून ताजा होता. समोरच्या घरातून ठेचा आला. कोणीही फोन करून आलं नाही. नेदरलँड्समध्ये कॉफीला बोलवायचं तरी दोघांच्या डायऱ्या उघडून तीन आठवड्यांनंतरची तारीख काढावी लागते. पहिल्या वर्षी मला ते अपमानास्पद वाटायचं. आता सोयीचं वाटतं.

"तुला तिकडचं काय आठवतं?" मी मित्राला विचारलं.

"साडेपाचला घरी येणं," तो लगेच म्हणाला. "आणि सायकल. इथं सायकल चालवली तर लोक विचारतात, गाडी विकली का?"

मग वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारलं. त्या जिन्यात उभ्या होत्या, हातात कपांचा ट्रे. क्षणभर थांबल्या. "कोणी न विचारता बाहेर जाणं," म्हणाल्या. "आणि याचं भांडी घासणं. तिकडे रोज घासायचा. इथे आला आणि विसरला."

"विसरलो नाही. आई घासू देत नाही."

"पाहुणे असताना घासशीन का?" काकू म्हणाल्या. "लोक काय म्हणतीन?"

सगळे हसले. माझी बायको हसली नाही, उठून ट्रे घेतला. मीही मग बघायला लागलो. सकाळपासून कोण किती वेळा जिना उतरलं होतं? चहा तीन वेळा, उकडपेंडी, शेंगा, शेजारच्या बाईंचा चहा, मेहुण्यांचा चहा. गच्चीवर खाटेवर पडून आकाश बघणारे मी, मित्र आणि काका; जिन्यात वहिनी आणि काकू. काहीच न करण्याचा जो दिवस मित्राने मोठ्या अभिमानाने जाहीर केला होता, त्यात काहीच न करणारे तिघेच होते. आइंडहोवनच्या फ्लॅटमध्ये याच मित्राने पंचवीस माणसांची दिवाळी एकट्याने राबवलेली मी पाहिली आहे, म्हणून जास्त खटकलं. माणूस तोच, घर बदललं की त्याचे हात कुठे जातात कोण जाणे.

वहिनींनी मात्र उपदेश केला नाही. त्यांनी रात्रीचा बेत जाहीर केला. सावजी आणायचं, पुरुषांनी आणायचं, पुरुषांनी वाढायचं, आणि भांडी अंगणातल्या नळावर. "स्वयंपाकघरात मटण चालत नाही न, आई?" काकूंनी मान हलवली. सुनेने त्यांचाच नियम त्यांच्या मुलावर वापरला होता, आणि ते त्यांना कळलं होतं. तोंडावर पदर घेऊन त्या हसल्या.

दुपारी सांबारवडी. कढीत बुडवून. पहिली मी रीतीप्रमाणे चावून, चव घेऊन खाल्ली. नंतरच्यांचा हिशेब माझ्याकडे नाही. पारी खुसखुशीत, आतलं सारण मऊ आणि आंबट-तिखट, खसखशीमुळे किंचित सुस्ती आणणारं. बायकोने कृती लिहून घ्यायला मोबाइल काढला आणि "अंदाजाने" हा शब्द सहाव्यांदा आल्यावर ठेवून दिला. मग सगळी गच्ची झोपली. मी खाटेवर, तोंडावर पेपर. ऊन सरकलं की खाट सरकवायची, एवढंच काम.

संध्याकाळी मित्र, मी आणि मुलगा डबे घेऊन निघालो. सावजी म्हणजे मूळ हलबा कोष्टी, म्हणजे विणकर समाजाचं जेवण. हातमाग मागे पडले आणि कितीएक घरांनी चुलीवर पोट चालवलं. आज शहराच्या गल्लोगल्ली सावजी भोजनालयाच्या पाट्या आहेत. मसाला काळपट, भाजून भाजून वाटलेला, आणि पूर्वी रस्सा जवसाच्या तेलात व्हायचा. वाटेत रोट्या घेतल्या. रस्त्याच्या कडेला चुलीवर उलटं मडकं, आणि एक बाई पातळ सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवत होती. मग एका झटक्यात ती मडक्यावर. लांब रोटी. मुलगा इतका वेळ बघत उभा राहिला की बाईंनी त्याला एक गोळा हातात दिला. तो त्याच्या बुटावर पडला.

अंगणात टेबल मांडलं. रश्शाचा पहिला घोट घेतल्यावर काही वाटत नाही, तिथेच फसगत होते. मिरची मागाहून येते आणि मग मुक्कामालाच असते. मासळीच्या कढीवर वाढलेला मी नाक पुसत होतो, बायको डोळे. काकू दारातल्या खुर्चीत बसून वरण-भात खात आमच्याकडे बघत होत्या. "रत्नागिरीचे हात टेकले का?" म्हणाल्या. मी रोटीचा आणखी एक तुकडा बुडवला. कोकणाची लाज राखायची होती.

भांडी मित्राने आणि मी घासली. गार पाणी, तेलकट डबे, थंडी. काका बॅटरी घेऊन उजेड धरायला आले आणि कुठे कुठे राहिलंय ते दाखवत उभे राहिले. शेजारच्या बाई फाटकाशी थबकल्या, बघितलं आणि काहीच म्हणाल्या नाहीत. काकूंना त्याचं आश्चर्य वाटलं.

सोमवार

रामटेक पन्नासेक किलोमीटर. गडावर रामाचं मंदिर, वाकाटकांच्या काळातलं नरसिंहाचं मंदिर, आणि पिशवी हातात दिसली की अंगावर येणारी माकडं. 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असं मानतात. ढग नव्हते, त्यामुळे निरोप वगैरे कोणाला पाठवता आला नाही. गडावरून खाली तळं चकाकत होतं. बघून परत फिरलो, कारण पहाटेचं दोह्याचं विमान होतं आणि बॅगा भरायच्या होत्या.

बॅगांवर बैठकच बसली. काकूंनी संत्री काढली, मित्राने परत ठेवली. युरोपात बाहेरून ताजी फळं प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, केळी-अननसासारखे मोजके अपवाद सोडून. मग संत्रा बर्फी. त्यात खवा, आणि दुधाचे पदार्थही सामानातून चालत नाहीत. "मग ते लोक खातात तरी काय?" काकूंचा प्रश्न. शेवटी जवसाची चटणी आणि सावजी मसाला राहिले. भाजून ठेवलेली खसखस नको, हे मी मध्येच सांगितलं, कारण दोह्याचा रस्ता आखातातून जातो आणि तिथे खसखस म्हणजे थेट पोलीस. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. सांबारवडीचा डबा मग त्यांनी स्वतःच बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, निघायच्या आधी इथंच संपवा. बर्फीही तिथेच संपली.

मध्यरात्री काका दाराशी आले, मफलर बांधून. आता पोळ्याला या, म्हणाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते; काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. गावातली सगळी इडापीडा तिच्याबरोबर बाहेर हाकलतात, तशी दुसरीकडे कुठे पाहायला नाही मिळत. मी म्हणालो, काका, तेव्हा पोराची शाळा असते, आणि तिकडे शाळा चालू असताना मुलाला सुट्टीवर नेलं तर आईबापांना दंड होतो.

काकांनी मित्राकडे पाहिलं. त्याने मान डोलावली, खरं आहे म्हणून.

"शाळेत सांगून दे," काका म्हणाले, "पोळा आहे म्हणावं."